पहिली मोटारसायकल क्रूझर की स्पोर्ट? पायाच्या मापापासून पहिल्या हजार किलोमीटरपर्यंत

माझी भाची नोकरीला लागली आणि दुसरा पगार हातात आल्यावर तिने विचारलं, "मावशी, मीटिओर घेऊ की आर-१५?" मीटिओर म्हणजे रॉयल एनफील्डची क्रूझर, आर-१५ म्हणजे यामाहाची स्पोर्ट. भाचीची उंची पाच फूट एक इंच. तोवर फक्त स्कूटर चालवलेली. घर साताऱ्यात, नोकरी कोरेगावला, आणि दर शनिवारी आईला मागे बसवून देवाला जायचं. तिच्या बोलण्यात गाडीचा रंग होता, आवाज होता, मैत्रिणींची मतं होती. उंची, रस्ता आणि मागे बसणारी आई या गोष्टी मला विचारून काढाव्या लागल्या. खरं तर निवड त्यांच्यावरच ठरते.

गेल्या काही वर्षांत मी सात-आठ जणांना गिअरची गाडी शिकवली. त्यातलं कुणी ऐंशीच्या वेगात पडलं नाही. जे पडले ते गल्लीत वळवताना, सिग्नलला पाय टेकवताना, पार्किंगमधून गाडी मागे घेताना. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: गाडी किती पळते हे नंतर बघा, थांबलेली आणि रांगणारी गाडी तुम्हाला आवरते का, हे आधी बघा. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत. क्रम मोडू नका, कारण शोरूममध्ये आधी पाऊल टाकलं की घरी माप घ्यायचं राहूनच जातं.

पायरी १: दोन्ही गाड्यांचा स्वभाव समजून घ्या

क्रूझरची सीट खाली असते, हँडल रुंद आणि आपल्याकडे ओढलेलं, फुटरेस्ट पुढे. पुढचा फोर्क (पुढचं चाक धरणारे दोन दांडे) जास्त तिरका आणि दोन चाकांमधलं अंतर जास्त. त्यामुळे सरळ रस्त्यावर गाडी रेल्वेसारखी धरून चालते, पण वळायला जागा जास्त मागते. स्पोर्टचं सगळं उलट: सीट उंच, हँडल खाली, फुटरेस्ट मागे, फोर्क उभा. वळणात गाडी नुसत्या इशाऱ्याने झुकते. मात्र कमी वेगात तिचं हँडल फार फिरत नाही, आणि पूर्ण वळवलं की अंगठा टाकीजवळ येऊन अडकतो.

इथे एक गैरसमज काढून टाकते. आपल्याकडे रॉयल एनफील्डच्या प्रत्येक गाडीला बुलेट म्हणतात आणि प्रत्येक बुलेटला क्रूझर. क्लासिक ३५० वर माणूस ताठ बसतो, सीट ८०५ मिमी उंच, वजन १९५ किलो. ती क्रूझर नव्हे. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेली मीटिओर ३५० ही त्यांची क्रूझर: सीट ७६५ मिमी, वजन १९१ किलो. बजाजची ॲव्हेंजर २००५ सालापासूनची. सीट ७३७ मिमी आणि वजन १६० किलोच्या आसपास. स्पोर्टच्या बाजूला आर-१५ आपल्याकडे २००८ पासून आहे. तिचं चौथं रूप १५५ सीसी, सीट ८१५ मिमी, वजन १४२ किलो.

हे आकडे शेजारी ठेवले की खरा पेच दिसतो. क्रूझर बुटकी पण जड. स्पोर्ट हलकी पण उंच. नवशिक्याला बुटकीही हवी आणि हलकीही. दोन्ही एका गाडीत क्वचितच मिळतं, म्हणून आपल्या अंगाला यातलं काय जास्त जड जातं ते आधी शोधायचं.

पायरी २: घरी पायाचं माप घ्या

नुसत्या उंचीवरून काही ठरत नाही. सारख्या उंचीच्या दोघांच्या पायांच्या लांबीत दोन-दोन इंचांचा फरक असतो. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा, जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन पायांमध्ये वर दाबून धरा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावा. भाचीचं माप भरलं २७ इंच, म्हणजे साधारण ६८५ मिमी. बुटाच्या तळव्याचे २५ मिमी धरले की ७१०.

आता सीटची उंची. तुम्ही बसलात की शॉकअप थोडे दबतात; हलक्या माणसाला पंधरा-वीस मिमीचा फायदा मिळतो. म्हणजे ॲव्हेंजरवर तिचे दोन्ही तळवे जवळजवळ पूर्ण टेकणार, मीटिओरवर चवडे टेकणार, आर-१५ वर बोटांचं टोक. हा हिशोब अंदाजाचा आहे, कारण सीट रुंद असली की मांड्या फाकतात आणि पाय तेवढा तोकडा पडतो. पण शोरूमला जाण्याआधी अपेक्षा जागेवर येते. तुमचं माप ३१ इंच किंवा जास्त असेल तर दोन्ही प्रकार तुम्हाला खुले आहेत. पुढची पायरी तुमच्यासाठी जास्त महत्त्वाची.

पायरी ३: आठवड्याचा रस्ता कागदावर मांडा

सोमवार ते रविवार कुठे जाता, किती किलोमीटर, मागे कोण बसतं, गाडी कुठे लावता, हे सगळं लिहा. वर्षातून एकदा होणारी लडाखची किंवा गोव्याची सहल यात धरू नका. जी गाडी रोज पार्किंगमधून काढायची आहे, ती रोजच्या रस्त्यासाठीच निवडायची.

मागे नेहमी कुणी बसणार असेल, त्यातही साडी नेसलेली आई किंवा पोटाचा घेर असलेले वडील, तर स्पोर्ट जवळजवळ बाद होते. तिची मागची सीट छोटी, उंच आणि पुढे कललेली असते. ब्रेक दाबला की मागच्याचं सगळं वजन तुमच्या पाठीवर आणि तिथून मनगटांवर येतं. माझ्या बहिणीला एकदा ओळखीच्या मुलाच्या आर-१५ वर बसवून बघितलं. एका अंगाला पाय सोडून तिला बसताच येईना.

रस्ता खड्ड्यांचा असेल तर क्रूझरबद्दलही नीट विचार करा. लोकांना वाटतं क्रूझर म्हणजे आरामगाडी. चांगल्या रस्त्यावर ती आहेच. पण पाय पुढे असल्यामुळे स्पीडब्रेकरवर किंवा खड्ड्यात फुटरेस्टवर भार देऊन बूड उचलता येत नाही, आणि हादरा थेट माकडहाडाला बसतो. स्पोर्टवर पाय तुमच्या खाली असतात, त्यामुळे गुडघ्यांनी टाकी धरून अंग हलकं करता येतं. तिथे दुखतात ती मनगटं आणि मान. तुम्हाला कंबरेचा जुना त्रास आहे की मनगटाचा, एवढ्या एका प्रश्नावर मी दोघांचा निर्णय बदललेला पाहिला आहे.

घाटाचं वेगळं आहे. मीटिओरच्या इंजिनाची पूर्ण ओढ, २७ न्यूटन-मीटर, ४००० आरपीएमलाच (म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला ४००० फेऱ्यांनाच) मिळते. आर-१५ ची १४.२ न्यूटन-मीटर ओढ यायला ७५०० आरपीएमपर्यंत जावं लागतं. यवतेश्वरच्या चढाला पुढे एसटी रांगत असेल तर मीटिओर तिसऱ्या गिअरमध्ये शांतपणे मागे चालते. आर-१५ ला गिअर उतरवायचा, रेस वाढवायची, पुन्हा चढवायचा. ज्याचा क्लच अजून बसलेला नाही, त्याला हे सगळं वळणात करावं लागतं. हात बसला की हीच गंमत वाटते, पण पहिल्या दोन महिन्यांत ती दमछाक असते.

मुंबईकरांनी आणखी एक लक्षात घ्यावं. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर आणि अटल सेतूवर दुचाकीला मुळात परवानगीच नाही. तेव्हा "हायवेला लागते" म्हणून मोठं इंजिन घेताना तुमचा हायवे कोणता, ते आधी बघा.

पायरी ४: शोरूममध्ये इंजिन बंद ठेवून वीस मिनिटं

विक्रेता किल्ली पुढे करेल. घेऊ नका. आधी हे करा, रोजचे बूट घालून, आणि शक्य तर गर्दी नसलेल्या वारी सकाळी.

गाडीवर बसून ती साइड स्टँडवरून सरळ करा. इथेच वजनाचा पहिला निरोप मिळतो. मग खाली उतरा, डाव्या बाजूला उभे राहा, दोन्ही हातांनी हँडल धरून गाडी दहा पावलं पुढे आणि पाच पावलं मागे ढकला. पुन्हा बसा आणि पायांनी रेटत मागे घ्या. ज्याला सपाट फरशीवर गाडी मागे घेता येत नाही, त्याला सोसायटीच्या उतारावर ती अजिबात येणार नाही.

मग हँडल आधी डावीकडे आणि मग उजवीकडे पूर्ण वळवा, आणि दोन्ही वेळा क्लच दाबून रेस देण्याची खूण करा. क्रूझरवर लहान चणीच्या माणसाचा बाहेरचा हात पूर्ण ताणला जातो आणि लिव्हर निसटायला लागतो. स्पोर्टवर आतला अंगठा अडकतो. दोन्हीपैकी काहीही होत असेल तर यू-टर्नच्या ऐन मध्यावर तेच होणार.

शेवटी फक्त डावा पाय टेकवून उजवा पाय ब्रेकवर ठेवा आणि अशीच दोन मिनिटं बसा. चढावर सिग्नलला थांबल्यावर हीच स्थिती असते. दोन्ही पायांचे चवडे टेकतात यापेक्षा एक पाय पूर्ण टेकतो, हे जास्त उपयोगाचं.

भाचीने हे सगळं मीटिओरवर केलं आणि म्हणाली, "पाय टेकतोय की मावशी, अजून काय पाहिजे?" म्हणून मी तिला मैत्रिणीची मीटिओर मागून आणून मोकळ्या मैदानात नेलं. तिने छान उचलली, दोन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला वळून थांबताना डावा चवडा बारीक खडीवर पडला. पाय चार बोटं सरकला, गाडी तेवढीच कलली, आणि त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर दिसलं की वजन हाताबाहेर गेलंय. गाडी आपटली नाही, हळूहळू बसली. लेग गार्डवर टेकली, आरसा फिरला, बस्स. तिला लागलं नाही. पण १९१ किलो म्हणजे काय, हे कागदावरच्या आकड्याने कळलं नव्हतं ते त्या चार बोटांनी कळलं.

पडलेली गाडी उचलणं हाही शिकायचाच भाग आहे, म्हणून तिथेच शिकवलं. आधी किल स्विचने, म्हणजे हँडलवरच्या बटणाने, इंजिन बंद. गाडी उजव्या अंगावर पडली असेल तर उचलण्याआधी साइड स्टँड बाहेर काढून ठेवायचा, म्हणजे ती पलीकडे लवंडत नाही. गिअरमध्ये ठेवायची, घरंगळत नाही. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवायचं. गाडीकडे पाठ करून बूड सीटच्या कडेला लावायचं, एका हातात हँडलची मूठ, दुसऱ्या हातात मागचं कडं, पाठ ताठ, आणि पायांनी जमीन रेटत लहान लहान पावलांनी मागे जायचं. कंबरेतून वाकून ओढू नका. तरणीताठी माणसं महिनाभर कंबर धरून बसलेली मी पाहिली आहेत.

पायरी ५: टेस्ट राइड हळू घ्या

रिकाम्या रस्त्यावर साठने पळवून काही कळत नाही. साठला सगळ्याच गाड्या गोड वाटतात. पहिल्या गिअरमध्ये हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धाच सोडून, चालणाऱ्या माणसाच्या वेगाने पन्नास मीटर सरळ न्या. एक डावीकडचं वळण, एक उजवीकडचं, आणि शक्य असेल तिथे यू-टर्न. दोन स्पीडब्रेकर. एक चढ, त्यावर थांबून पुन्हा निघणं. ट्रॅफिकमध्ये पाच मिनिटं. लिक्विड कूल्ड, म्हणजे इंजिन द्रवाने गार ठेवणाऱ्या गाडीचा पंखा सिग्नलला सुरू झाला की गरम हवा पायांवर येते. मे महिन्यात ती सोसेल का, तेही कळतं.

गिअरच्या गाडीचं लायसन्स नसेल तर टेस्ट राइडच घेता येणार नाही. स्कूटरवर परीक्षा दिलेल्यांच्या लायसन्सवर बहुधा विनागिअरचीच नोंद असते. घरी जाऊन आधी ते बघा. गिअरची नोंद वाढवायला शिकाऊ परवाना काढून निदान तीस दिवस थांबावं लागतं. ते तीस दिवस शिकायला वापरा, तेही कुणाच्या तरी स्प्लेंडरवर. ११२ किलोची, ७८५ मिमी सीटची ती गाडी क्लच आणि गिअर जेवढ्या मायेने शिकवते तेवढं दुसरं काही शिकवत नाही. नवीकोरी गाडी दारात उभी असतानाही पहिले पंधरा दिवस मी सगळ्यांना स्प्लेंडरच चालवायला लावते.

पायरी ६: पैशाचा हिशोब ३५० च्या रेषेवर

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर १८ टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्या गाड्यांवर ४० टक्के. थर्ड पार्टी विम्याची रेषाही तीच: २०२२ साली ठरलेल्या दरांत १५० ते ३५० सीसीला वर्षाला १,३६६ रुपये, त्यावरच्या गाड्यांना २,८०४. नव्या गाडीला तो पाच वर्षांचा एकदम भरावा लागतो. म्हणजे १५५ सीसीची आर-१५ आणि ३४९ सीसीची मीटिओर एकाच पट्ट्यात बसतात, आणि रेषा ओलांडली की दोन्हीकडून भार वाढतो. पहिल्या गाडीसाठी ही रेषा ओलांडायचं मला तरी काही कारण दिसत नाही.

खरा फरक पडतो तो पडल्यावर. स्पेअर पार्टच्या काउंटरला जाऊन चार किमती लिहून घ्या: एका बाजूचं फेअरिंग (गाडीच्या अंगावरचं प्लास्टिकचं कवच), क्लच लिव्हर, पुढचा इंडिकेटर, आरसा. उभ्या जागी कलंडलेल्या स्पोर्टचं फेअरिंग तडकतं. क्रूझरचं लेग गार्ड घासतं. तुम्ही पहिल्या वर्षात एकदा तरी गाडी पाडणार, असं धरूनच हिशोब करा.

जुनी घेणार असाल तर नोंदणीचं साल बघा. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या प्रत्येक नव्या गाडीला एबीएस (ब्रेक जोरात दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं. त्याआधीच्या अनेक गाड्यांना ते नाही. नवशिक्याच्या हातात पावसाळ्यात बिनएबीएसची गाडी मी देणार नाही, कितीही स्वस्त मिळाली तरी. एबीएस दोन्ही चाकांना आहे की फक्त पुढच्या, हेही विचारा.

याच हिशोबात डोक्यापासून पायापर्यंतचा खर्च धरा. आयएसआय शिक्क्याचं, हनुवटी झाकणारं हेल्मेट, आणि मागे बसणाऱ्यालाही तसंच दुसरं. हातमोजे, कारण पडताना माणूस आधी हात टेकतो. घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट. ओढणी असेल तर ती जॅकेटच्या आत. मागे साडीवाली माणसं बसणार असतील तर साडी गार्ड कधीही काढून टाकू नका. गाडी शोभत नाही म्हणून पोरं तेच आधी काढतात.

पायरी ७: पहिले हजार किलोमीटर

पहिले शंभर मैदानात किंवा रविवार सकाळच्या रिकाम्या रस्त्यावर. खडूने दोन समांतर रेघा मारा, हातभर अंतराने, आणि त्यांच्यामधून जितकी हळू जाईल तितकी गाडी न्या. हाफ क्लच धरून रेस स्थिर ठेवायची आणि वेग मागच्या ब्रेकने आवरायचा. नजर पुढच्या चाकावर गेली की गाडी डुलते. जिथे जायचंय तिथे बघा.

मग यू-टर्न. क्रूझर रुंद वळते, तेव्हा सुरुवात रस्त्याच्या अगदी कडेपासून. स्पोर्टचं हँडल कमी फिरतं, म्हणून तिला आतल्या बाजूला थोडं झुकवून आपलं अंग बाहेर ठेवावं लागतं. दोन्हीकडे पुढचा ब्रेक या वेगात वळताना वर्ज्य. वळलेल्या हँडलवर पुढचा ब्रेक दाबला की गाडी जागच्या जागी आडवी होते.

ब्रेकचा सराव रोज पाच वेळा, तीसच्या वेगातून. दोन्ही ब्रेक एकत्र. पुढचा एकदम आवळायचा नाही, लिंबू पिळतो तसा दाब वाढवत न्यायचा. क्रूझरवर वजन मागे असल्याने मागचा ब्रेकही बऱ्यापैकी काम करतो. स्पोर्टवर सगळं वजन पुढे येतं, मागचं चाक हलकं होतं, आणि तिथे गुडघ्यांनी टाकी घट्ट धरली नाही तर शरीराचा भार हँडलवर येऊन हात ताठ होतात. ताठ हातांनी गाडी वळत नाही. स्पोर्ट घेणाऱ्याने हे आधी शिकावं, वेग नंतर.

पाचशे किलोमीटर झाल्यावरच घाट. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, हा जुन्या ड्रायव्हर मंडळींचा नियम दोन्ही गाड्यांना लागू आहे. न्यूट्रलमध्ये उतरणं म्हणजे ब्रेकवर जीव टांगणं. क्रूझरचा फुटरेस्ट वळणात लवकर घासतो. खर्रकन आवाज आला की दचकून ब्रेक मारू नका. रेस तशीच धरून वळण पूर्ण करा आणि पुढच्या वळणाला आधीच वेग कमी करा. खंबाटकीसारख्या घाटात चढाला आणि वळणांवर मालट्रकच्या जवळून जाऊ नका. ट्रक ओलांडताना वाऱ्याचा झोत थांबतो आणि पुन्हा बसतो. फेअरिंगवाली हलकी गाडी त्यात हातभर सरकते. जड क्रूझर कमी हलते, पण रुंद हँडलवर घट्ट पकड धरलीत तर तुमच्याच हातांनी हलेल.

भाचीने शेवटी २०२१ ची जुनी ॲव्हेंजर घेतली. पाय पूर्ण टेकतो, मीटिओरपेक्षा पंचवीस-तीस किलोने हलकी, आईला बसायला ऐसपैस जागा, आणि कोरेगावात कुठल्याही गॅरेजला दुरुस्त होते. एबीएस फक्त पुढच्या चाकाला आहे, म्हणून मागचा ब्रेक हलक्या पायाने दाबायचा सराव तिच्याकडून वेगळा करून घेतला. माझ्या शेजारच्या मुलाला, पाच फूट दहा उंची, एकटाच फिरणारा, मनगटं धडधाकट, त्याला मात्र मी आर-१५ च घे म्हटलं, आणि ती त्याला शोभते. परवा भाची कासला जाऊन आली. धुकं होतं, रस्ता ओला होता, आणि उतरताना सगळा वेळ दुसऱ्या गिअरमध्ये होते, असं तिने घरी पोचल्यावर आधी सांगितलं, फुलांचं नंतर.